सॅटिनवरचे दोन थेंब आणि लॉन्ड्रीच्या तीन चकरा

सॅटिन धुणं अवघड नाही. आपल्या हातातलं सॅटिन नेमकं कशाचं आहे हे कळणं अवघड. माझे पंधरा दिवस त्यातच गेले.

झालं एवढंच, की वाफेच्या इस्त्रीतून गाऊनवर पाण्याचे दोन थेंब पडले. वाळल्यावर तिथे कडा उमटलेले गोल डाग दिसायला लागले. मी ओला रुमाल घेतला आणि खसाखसा चोळलं. तुम्ही हे करू नका.

मग लॉन्ड्री. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कापड कसलं?" मी म्हटलं, सॅटिन.

"ताई, सॅटिन हे विणीचं नाव. धागा कसला? रेशीम, पॉलिस्टर, ॲसिटेट?"

लेबल मानेला टोचतं म्हणून मी पहिल्याच दिवशी कापून टाकलेलं. दुसऱ्या चकरेला माणूस वेगळा, प्रश्न तोच. तिसऱ्यांदा त्यांनी कपडा घेतला, पण पावतीवर 'नुकसानीस आम्ही जबाबदार नाही' असा शिक्का मारून. मी तिथूनच गाऊन परत घेतला. रागाने फणफणत घरी आले. जास्त राग याचा, की धाग्याबद्दल त्यांचं बरोबर होतं.

शेवटी आतल्या शिवणीतून दोन धागे ओढले, चिमट्यात धरून बेसिनवर जाळले. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. माझा धागा हळूहळू जळला, केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली. म्हणजे रेशीम! तीन चकरांचं उत्तर अर्ध्या मिनिटात. (ॲसिटेटचा संशय असेल तर नेलपेंट रिमूव्हर जवळ आणू नका, त्यातल्या ॲसिटोनमध्ये ते विरघळतं.)

पुढचं सोपं होतं. पाण्याचा डाग जातो तो अख्खा कपडा सारखा भिजवल्यावर, तेवढाच भाग पुसून नाही. रंग जात नाही ना हे आधी आतल्या कोपऱ्यावर पाहिलं, मग थंड पाण्यात सौम्य लिक्विड घालून गाऊन हाताने धुतला. एन्झाइमवाली पावडर रेशमाला नको. प्रथिनांचे डाग तोडणारं एन्झाइम रेशमालाही सोडत नाही, कारण तेही प्रथिनच. पिळला नाही, टॉवेलात गुंडाळून दाबला, सावलीत वाळवला. थोडा दमट असतानाच उलट्या बाजूने, मंद इस्त्री. हो, धुण्याआधी अंगठी काढा. सॅटिनमध्ये एक धागा चार-चार, कधी सात धाग्यांवरून मोकळा जातो आणि मग एकाखाली शिरतो. चमक त्या मोकळ्या धाग्यांची, आणि अडकतातही तेच.

गोल डाग गेले. मी चोळलेली जागा मात्र तशीच निस्तेज आहे. समोरून कळत नाही, पण तिरपा उजेड पडला की माझी नजर आधी तिथेच जाते.