आमची वाटचाल : घनसाळ आणि नाचणीचा हिशेब

कोल्हापुरातील लक्ष्मीपुरीत वडिलांनी सुरू केलेले आमचे धान्याचे दुकान तांदळावरच उभे राहिले. आजरा, चंदगड, भुदरगड या भागांतून भात घ्यायचे आणि भरडून तांदूळ विकायचा, एवढाच व्यवहार होता. नाचणी एखाद्या पोत्यापुरती असे. 2016 मध्ये आजरा घनसाळ या तिथल्या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तसे गिऱ्हाईक हा तांदूळ नावाने मागू लागले आणि आमचे बस्तान पक्के झाले.

नाचणीकडे आम्ही वळलो ते शेतकऱ्यांच्या प्रश्नामुळे : भात बरे की नाचणी? 2025-26 च्या हंगामासाठी साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला 2369 रुपये आणि नाचणीची 4886 रुपये होती. हे आकडे पाहून नाचणी दुपटीने फायद्याची वाटते, परंतु एकरी उतारा भाताचाच जास्त येतो आणि नाचणीची कणसे हाताने खुडावी लागत असल्याने मजुरी बराच पैसा खाते. उलट भाताला खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी टिकावे लागते, पावसाने ओढ दिली की रोप लावण रखडते आणि घनसाळ उंच वाढत असल्याने वाऱ्यापावसात लोळतो. नाचणी मात्र डोंगरउतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत, कमी खतावर निभावते आणि नीट वाळवली तर वर्षानुवर्षे कीड न लागता टिकते, त्यामुळे भाव पडला म्हणून लगेच विकण्याची घाई नसते. (गव्यांचा कळप शिरला, तर मात्र दोन्ही पिकांची गत एकच.)

म्हणून खाचर मोडून नाचणी लावा, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. पडीक पडलेल्या वरकस तुकड्यांवर ती पुन्हा घ्या, एवढेच सांगतो.

नाचणीची खरी अडचण खळ्यावर सुरू होते. मातीच्या खळ्यावर मळलेली मूठभर नाचणी ताटात पाणी घालून हलवली की तळाशी बारीक, नाचणीच्याच रंगाची खर, म्हणजे बारीक खडे, राहते. ती चाळणीतून सुटते आणि भाकरीत दाताखाली कचकचते. दुकानदार माल परत पाठवतात तो याच कारणाने. यासाठी आम्ही खडे काढण्याचे यंत्र बसवले, मळणीसाठी ताडपत्र्या पुरवल्या आणि स्वच्छ मालाला क्विंटलमागे जादा दर ठरवला. आज आमच्याकडे पीठ, आंबिलीचे पीठ आणि पापड यांवर मिळणारी किलोमागची मिळकत साध्या तांदळापेक्षा चांगली आहे, तरी दुकानाची रोजची उलाढाल अजून तांदूळच सांभाळतो आणि नाचणीच्या खरेदीसाठी सुगीत लागणारी रोख रक्कमही त्यातूनच उभी राहते.