दम आधी वाढवावा की वेग?

धावायला नुकतीच सुरुवात केलेली माणसे मला निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारतात: दोन-तीन महिने नेमाने धावतो आहे, तरी दोन किलोमीटरनंतर धाप लागते आणि वेगही जागचा हलत नाही, तर आधी दम वाढवावा की वेग? त्यावर मी बहुधा उलट विचारतो, की धावताना तुम्हाला शेजारच्याशी बोलता येते का? बहुतेक जण हसतात, कारण धावता धावता गप्पा मारायच्या असतात ही कल्पनाच त्यांना गमतीची वाटते. माझ्या मते अडचण नेमकी तिथे आहे. सावकाश कसे धावायचे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

नवखा माणूस रोज एकाच वेगाने धावतो. तो वेग इतका जास्त असतो की त्याने दमछाक होते, आणि इतका कमी असतो की त्याला वेगाचा सराव म्हणता येत नाही. घरी परतताना अंग घामाने भिजलेले असते, आपण खूप मेहनत केली असे वाटते, आणि त्या समाधानापोटी दुसऱ्या दिवशीही तेच केले जाते. पहिले काही आठवडे याचा फायदा दिसतो, कारण अजिबात न धावणाऱ्या शरीराला काहीही चालते. त्यानंतर प्रगती थांबते, आणि मग प्रश्न घेऊन माणूस माझ्याकडे येतो.

सोपा वेग ओळखण्यासाठी कुठल्याही यंत्राची गरज नाही. पहिल्या पाच मिनिटांत काही अंदाज बांधू नये, कारण श्वास आणि नाडी स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर दहा-बारा शब्दांचे एखादे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. सुचत नसेल तर आपला पत्ता म्हणावा. तो सलग म्हणून झाला, तर वेग योग्य आहे. चौथ्या-पाचव्या शब्दाला श्वास घ्यावा लागला, तर वेग कमी करावा आणि दोन मिनिटांनी पुन्हा म्हणून पाहावा. धावण्याचा वेग आपण एका किलोमीटरला लागणाऱ्या मिनिटांत मोजतो. भरभर चालणाऱ्याला एका किलोमीटरला साधारण १० मिनिटे लागतात, आणि अनेक नवख्यांचा खरा सोपा वेग ८ ते ९ मिनिटांच्या आसपास निघतो, म्हणजे चालणाऱ्याच्या जेमतेम पुढे. हे मान्य करायला पायांपेक्षा मनाला जड जाते. इतक्या हळू धावूनही धाप लागत असेल, तर दोन मिनिटे धावावे, एक मिनिट चालावे आणि असे अर्धा तास करावे. चालणे म्हणजे हार, ही समजूत जितक्या लवकर सोडाल तितके बरे. मध्ये मध्ये चालणाराच पुष्कळदा अर्धा तास पुरा करतो आणि न चालणारा बाराव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभा असतो.

नाडी मोजणाऱ्या घड्याळाविषयी एवढेच सांगतो, की २२० मधून वय वजा करून काढलेली कमाल नाडी ही सरासरी असते. तुमची प्रत्यक्ष कमाल नाडी तिच्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळी असू शकते. त्या आकड्यावर बेतलेले घड्याळातले रंगीत पट्टे आणि तुमचा श्वास यांचे पटत नसेल, तर श्वासावर विश्वास ठेवा.

सावकाश धावण्याने दम का वाढतो, हे समजले की धीर धरणे सोपे जाते. लांब अंतराच्या धावण्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा स्नायूंना प्राणवायूच्या मदतीने मिळते, आणि ती तयार होते पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये. १९६७ साली जॉन हॉलोझी या संशोधकाने उंदरांना काही आठवडे फिरत्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, धावायला लावून दाखवून दिले, की सरावाने स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट होते. माणसातही अशाच प्रकारचे बदल होतात. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर ढकलू लागते. हे बदल घडण्यासाठी शरीराला लागतो तो वेळ, म्हणजे आठवड्यात एकूण किती मिनिटे तुम्ही धावता. सावकाश धावणारा आज चाळीस मिनिटे धावून परवा पुन्हा धावू शकतो, तर रोज जीव तोडून धावणारा वीस मिनिटांत संपतो आणि पुढचे दोन दिवस त्याचे पाय भरून येतात. महिन्याअखेर दोघांच्या मिनिटांची बेरीज करून पाहावी.

यावर हमखास येणारी शंका अशी, की सावकाश धावून माणूस सावकाशच धावायला शिकेल. तिला माझ्याकडे पीटर स्नेल हे उत्तर आहे. न्यूझीलंडच्या या धावपटूचे अंतर होते ८०० मीटर, म्हणजे पावणेदोन मिनिटांचा खेळ. त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड मात्र त्याला हंगामाच्या तयारीत आठवड्याला शंभर मैलांच्या घरात धावायला लावत, आणि त्यात ऑकलंडजवळच्या डोंगराळ रस्त्यावरची २२ मैलांची, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरची, एक लांब धाव असे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले, आणि त्याच दिवशी लिडियार्ड यांचाच शिष्य मरे हॅल्बर्ग ५००० मीटरमध्ये पहिला आला. १९६४ साली टोकियोत स्नेलने ८०० आणि १५०० अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली. शंभर मैलांचा आकडा तुमच्या-माझ्यासाठी नाही, आणि स्नेलचे सावकाश धावणेही आपल्याला झेपणार नाही. त्यातून घ्यायचे ते एवढेच, की वेगाचा खास सराव त्यांनी मागाहून केला, आणि आधी त्याच्याखाली दमाचा भक्कम पाया घातला.

तेव्हा नवख्याने आठवड्यातून तीन ते चार दिवस धावावे आणि मध्ये एकेक दिवस मोकळा सोडावा. त्यांपैकी एका दिवशी नेहमीपेक्षा थोडे जास्त वेळ धावावे. दर आठवड्याला या लांब धावेत पाच मिनिटे वाढवली तरी पुष्कळ झाले, आणि तीन आठवडे वाढवल्यावर चौथ्या आठवड्यात थोडे मागे यावे. दर आठवड्याला बरोबर दहा टक्के वाढ करा, हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम मला फारसा उपयोगी वाटत नाही. २० मिनिटांचे दहा टक्के म्हणजे दोन मिनिटे, आणि एवढ्या वाढीचा शरीराला पत्ताही लागत नाही. टाळायची गोष्ट वेगळी आहे: आजवर सर्वांत जास्त पाच किलोमीटर धावलेल्या माणसाने मित्रांच्या आग्रहाखातर एका रविवारी दहा किलोमीटर धावणे.

कारण हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, पण स्नायूबंध आणि हाडे यांना त्याहून बराच जास्त काळ लागतो. प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो, आणि अर्ध्या तासाच्या धावेत सुमारे पाच हजार पावले पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दम पुरू लागतो, उत्साह वाढतो, आणि नेमक्या त्याच सुमारास नडग्या दुखू लागतात. नडगीच्या आतल्या कडेने पसरलेली दुखी असेल, तर काही दिवस धावणे कमी करून ती बहुधा शमते. बोट ठेवून दाखवता येईल अशा हाडाच्या एकाच जागी दुखत असेल आणि धावू लागल्यावर ते वाढत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे, कारण हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. छातीत दुखणे किंवा चक्कर येणे यांबाबत तर वाटच पाहू नये. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी सुरुवातीलाच तपासणी करून घेतलेली बरी.

मग वेगाचे काय? थांबून चालणे न लागता सलग अर्धा तास धावता येऊ लागले, की त्याचीही सुरुवात करता येते, आणि ती वाटते त्यापेक्षा फार छोटी असते. आठवड्यातून एकदा, सोपी धाव संपल्यावर, सपाट आणि मोकळी जागा पाहून वीस सेकंद वेगाने धावावे. पहिली पाच सेकंदे वेग चढवण्याची, मधली दहा टिकवण्याची आणि शेवटची पाच सोडून देण्याची. हे जिवाच्या आकांताने धावणे नव्हे. जबडा आवळला गेला, खांदे कानांकडे चढले किंवा मुठी घट्ट झाल्या, तर वेग जास्त झाला असे समजावे. पावले लांब टाकण्याचा मोह होतो, पण पाय शरीराच्या फार पुढे पडला की प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. त्यापेक्षा पावले आखूड ठेवून भराभर उचलावीत. एक झाल्यावर श्वास पूर्ण शांत होईपर्यंत चालावे, मग दुसरे. अशी चार पुरेत. एवढ्यात दमछाक होत नाही, आणि व्हायलाही नको. पायांना आणि मज्जासंस्थेला वेगाची ओळख व्हावी आणि त्याच वेगाला लागणारी शक्ती हळूहळू कमी व्हावी, एवढाच त्याचा हेतू असतो.

आणखी दोन महिन्यांनी आठवड्यातून एका दिवशी सोप्या धावेच्या जागी टेम्पो धाव आणावी. दहा मिनिटे सोपे धावून झाल्यावर पाच मिनिटे अशा वेगाने धावावे की तीन-चार शब्दच बोलता येतील, मग दोन मिनिटे सावकाश, आणि असे तीनदा. चारशे मीटरच्या इंटर्व्हलबद्दल, म्हणजे तेवढे अंतर वेगाने धावून, मध्ये थोडे सावकाश जाऊन पुन्हा वेगाने धावण्याच्या सरावाबद्दल, मला वरचेवर विचारले जाते, कारण चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याने त्यांच्या अगणित फेऱ्या मारून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकल्याची कथा सर्वांनी ऐकलेली असते. इंटर्व्हल उत्तम आहेत, पण पहिल्या सहा महिन्यांत मी कोणाला ते करायला सांगत नाही. तोवर टेम्पोतून मिळण्यासारखे पुष्कळ शिल्लक असते. आठवड्यात असा कष्टाचा दिवस एकच असावा, आणि बाकीच्या दिवशी पुन्हा तीच पत्ता म्हणून पाहण्याची चाचणी.

प्रगती मोजायची तर महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर, शक्यतो तशाच हवेत, बोलता येईल इतक्याच वेगाने तीन किलोमीटर धावावे आणि वेळ लिहून ठेवावी. उकाड्यात त्याच वेगाला नाडी जास्त चढते, त्यामुळे मार्चची वेळ आणि मेची वेळ यांची तुलना करून खट्टू होण्यात अर्थ नाही. श्वास तितकाच शांत असताना किलोमीटरला साडेआठ मिनिटांऐवजी आठ मिनिटे लागली, तर दम आणि वेग दोन्ही एकदमच वाढले आहेत.

पुढे कधी पाच किलोमीटरच्या शर्यतीत उतरलात आणि ३५ मिनिटांत पोहोचण्याचा विचार असेल, तर किलोमीटरला ७ मिनिटे येतात. पहिला किलोमीटर ७ मिनिटे १० सेकंदांत करा. सुरुवातीला गर्दीचा जोर असतो, पाय ताजे असतात, आणि वेगाची किंमत शरीर काही मिनिटांनी मागते. म्हणून सव्वासहा मिनिटांचा वेगही तेव्हा सोपा वाटतो आणि तिसऱ्या किलोमीटरला अंगाशी येतो. दुसरा आणि तिसरा ७ मिनिटांनी करा. चौथा सर्वांत कठीण जातो, तेव्हा तिथे वेग वाढवायला न जाता फक्त राखा. पाचवा किलोमीटर सुरू झाला की थोडा वेग वाढवून सुरुवातीचे दहा सेकंद भरून काढा, आणि शेवटचे दोनशे मीटर दिसू लागले की खांदे सैल सोडून, आखूड पावलांनी, त्या वीस सेकंदांच्या धावांसारखे धावा.