तळघरातला लाकडी मासा

ऑक्टोबर लागला की आमच्या तळघरात लाकडाच्या भुशाचा वास भरून राहतो. बाहेर मेपलची पानं गळून रस्ता तांबडा झालेला असतो आणि मी खाली दिव्याखाली दहा इंचांचा लाकडी मासा कानशीने घासत बसलेला असतो. फोटो पाहून गावाकडचे विचारतात, ही खेळणी कुणासाठी? खेळणी नव्हेत ती. मस्की नावाच्या माशासाठी केलेली आमिषं आहेत. इथे त्यांना लुअर म्हणतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटात, जिथे मी राहतो, मस्कीचं वेड फार. नाव इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेलं. लांबलचक अंग, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि आत सुयांसारखे दात. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये हेवर्ड गावी मस्कीच्या आकाराची १४३ फूट लांबीची इमारतच आहे, तिच्या जबड्यात उभं राहून गाव बघता येतं. मिनेसोटाच्या बहुतेक तळ्यांवर हा मासा घरी न्यायचा तर तो किमान ५४ इंच, म्हणजे साडेचार फूट भरावा लागतो. तेवढा मिळाला तरी जवळजवळ सगळे तो सोडूनच देतात. मीही सोडतो. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मस्की लागतो, असं इथली माणसं म्हणतात, आणि माझ्या अनुभवाने ते फारसं खोटं नाही.

आमिष एवढं मोठं का, तर मस्कीचं भक्ष्यच मोठं. पानगळ सरता सरता टलिबी नावाचे फूट-फूटभर लांबीचे चंदेरी मासे अंडी घालायला उथळ, खडकाळ पाण्यात येतात आणि मस्की त्यांच्यामागे येतो. समोर एवढी मेजवानी असताना त्याने बोटाएवढ्या, चमच्यासारख्या आमिषाकडे का बघावं?

आमचं घर सावंतवाडीचं, चितारआळीजवळ. बाबांचं आयुष्य लाकडी फळं रंगवण्यात गेलं. त्यामुळे पहिलं लुअर केलं तेव्हा माझा सगळा जीव रंगात. पाठीवर काळपट हिरवा, पोटाला चंदेरी, खवल्यांसाठी जाळीचं कापड ताणून त्यावरून फवारा. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाण्यात घालून बघलंस मां?"

नव्हतं घातलं. घातलं तेव्हा ते मेल्या माशासारखं कुशीवर पडलं.

मग हिशेब शिकलो. दहा इंच लांब, अडीच इंच उंच, इंचभर जाड, कडा गोल केलेला तुकडा साधारण ३०० घनसेंटिमीटर भरतो. पाण्यात तो बुडूही नये आणि वरही येऊ नये, तर गळ, कड्या, रंग सगळं धरून वजन ३०० ग्रॅमच्या आसपास हवं. सीडरचं लाकूड पांगाऱ्यासारखं हलकं, तेवढ्या तुकड्याचं वजन जेमतेम ११० ग्रॅम. उरलेलं शिशाने भरायचं. पोटात गिरमिटाने भोकं पाडायची आणि शिसं बसवून वरून बुजवायचं. मेपल सीडरच्या जवळजवळ दुप्पट जड, त्याला शिसं थोडंच लागतं. आता गंमत अशी की सगळं वजन पोटाशी एकवटलं की लुअर ताठ राहतं, पण अंगात लवच राहत नाही. मेपलचं वजन सगळ्या अंगात वाटलेलं, म्हणून दोरीला हलका झटका दिला की ते डावीकडे लांब सरकतं, पुढच्या झटक्याला उजवीकडे, आणि वळताना कूस किंचित चमकवतं. ती चमक बघूनच मी सीडर सोडून मेपलवर आलो.

एक चूक मात्र पुस्तकात सापडली नसती. मी लुअर बाथटबमध्ये तपासायचो, हात गारठू नयेत म्हणून कोमट पाण्यात. टबमध्ये हळूहळू खाली जाणारं लुअर मिलॅक्स तळ्यात बुचासारखं वर. गार पाणी कोमट पाण्यापेक्षा जड असतं. ४० अंशांच्या पाण्यात आणि तळ्याच्या गार पाण्यात ३०० घनसेंटिमीटरमागे दोनेक ग्रॅमचा फरक पडतो, आणि इतक्या बेताच्या तोलाला तेवढा पुरतो. आता टबात बर्फ टाकतो आणि कोपरापर्यंत हात बधिर करून घेतो.

पण ज्या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं ती वेगळी आहे. दुसऱ्या वर्षी एक मोठा मासा लागला. होडीजवळ आला, शेपटीचा एक तडाखा, आणि दोरी सैल. लुअर परत आलं ते पोटाच्या गळाशिवाय. गळ ज्या कडीला होता तिचा स्क्रू मी सीडरमध्ये नुसता पिळून बसवला होता, तो लाकडाच्या रेषेवरून चिरत बाहेर आला. तीन तोंडांचा गळ जबड्यात घेऊन तो मासा गेला. मासा निसटल्याचं दुःख नव्हतं. माझ्या कच्च्या कामाचा भार तो तोंडात वागवत होता, हे सहन होईना. त्या रात्री होती नव्हती ती सगळी लुअर मी करवतीने कापली.

तेव्हापासून नाकापासून शेपटीपर्यंत स्टीलची अखंड तार. लाकूड मधोमध चिरायचं, तार खोबणीत बसवायची, पोटाच्या गळांसाठी तिलाच वळसे द्यायचे आणि दोन्ही फाळ्या एपॉक्सीने सांधायच्या. लाकडाच्या ठिकऱ्या झाल्या तरी मासा आणि दोरी एकाच तारेवर राहतात. गळांच्या टोकांचे काटेही पकडीने दाबून टाकतो, म्हणजे सोडवताना जबडा फाटत नाही.

गेल्या शनिवारी संध्याकाळी, मिलॅक्सवर. लुअर होडीपाशी आलं की ते लगेच उचलायचं नसतं. काठीचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठचा आकडा काढायचा, कारण मस्की पुष्कळदा मागे मागे येतो आणि अगदी शेवटी ठरवतो. दुसऱ्या वळणावर खालून एक लांब तपकिरी सावली वर आली, थांबली. मीही हात थांबवला. लुअर जागच्या जागी लटकत राहिलं, बुडालं नाही, वर आलं नाही, नुसतं जरासं कलंडलं. तेवढ्यात जबडा उघडला.

पन्नास इंच भरला. जाळ्यातच, पाण्यात ठेवूनच गळ काढले. शेपटीजवळ धरून त्याला सरळ ठेवला, कल्ले उघडझाप करू लागले, आणि एका क्षणी माझ्या मुठीतून जोर काढून तो खाली गेला.

लुअरच्या पाठीवर आता दातांच्या दोन रांगा आहेत, एपॉक्सीच्या लेपातून थेट लाकडापर्यंत. तशीच ठेवली तर पाणी आत शिरून मेपल फुगेल. म्हणून आज जेवण झाल्यावर भोकं बुजवायला खाली आलोय. एपॉक्सी सुकायला रात्र जाईल. तळं गोठायच्या आत अजून दोनतीन शनिवार हाताशी आहेत.