बाराव्या नंबरासाठी मारामारी: सड्यावरचे दोन दिवस

कोकणात बाइकची शर्यत आहे म्हटल्यावर गल्लीतल्या निम्म्या पोरांनी एकच प्रश्न विचारला, "बीचवर काय रे?" बीचवर नाही. पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांचे व्हिडिओ दर सुट्टीत फिरतात आणि भरतीत अडकलेली एसयूव्ही जेसीबीने ओढतानाचेही फिरतात. वर खाऱ्या पाण्याने चेनची वाट लागते ती वेगळीच. ही शर्यत सड्यावरची, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरची. देवगड आणि आचऱ्याच्या मधे, वर उभं राहिलं की पश्चिमेला समुद्र दिसतो आणि पायाखाली नुसता काळा कातळ. गावाचं नाव लिहीत नाही. जागामालकाने शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या पोरांना दोन दिवसांपुरतीच परवानगी दिली होती, आणि पुढच्या रविवारी तिथे दहाजण गाड्या घेऊन धडकले तर बोलणी त्या पोरांना बसतील.

शुक्रवारी दुपारी कोल्हापूर सोडलं. गाडी पिकअपमध्ये दोरीने आवळलेली, पुढे मामाचा पोरगा, मिस्त्री आणि मी. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट. गगनबावड्याकडूनही उतरता येतं, पण दाजीपूरच्या जंगलात गवा दिसला की शर्यत चांगली जाते असा आमच्या मिस्त्रींचा स्वतःचा शोध आहे. गवा दिसला नाही. "घाटात दिसंल," म्हणाले. घाटातही दिसला नाही. मग त्यांनी तो विषय सोडला आणि नांदगाव तिठ्यावर चहा होईस्तोवर कुणाशी बोलले नाहीत. घाट उतरला की अंगाला शर्ट चिकटायला लागतो. फेब्रुवारीतही. कलमं मोहोरली होती, बागांमधून फवारणीचा वास येत होता.

गाडीबद्दल थोडं. हिरोची एक्सपल्स २००, २०१९ साली बाजारात आलेली. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. शोरूममधून काढून थेट ढेकळात घालता येईल अशी स्वस्तातली गाडी आपल्याकडे फारशी नाही, म्हणून नवशिक्यांच्या गटात निम्म्या गाड्या याच असतात. आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, साडीगार्ड, साइड स्टँड, सगळं उतरवलेलं. मागे मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. साइड स्टँड नसलेली गाडी कुठे टेकवायची हा अख्ख्या वीकेंडचा प्रश्न असतो. इथे तो सुटला, कारण चिरे, म्हणजे कातळातून कापलेले बांधकामाचे दगड, पायलीचे पन्नास. जो तो दोन चिरे रचून त्यावर इंजिन टेकवत होता.

शनिवारी सकाळी आधी स्क्रुटिनी. ब्रेक-क्लचच्या लिव्हरचं टोक गोल आहे का, हँडलची टोकं बुजवलेली आहेत का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप मागे येतो का, इंजिन बंद करायचा किल स्विच चालतो का. तपासणारे गृहस्थ हेल्मेट हातात घेऊन आतला पट्टा असा ओढत होते की माझ्या पुढच्या पोराचा तुटलाच. त्याला दुसरं हेल्मेट शोधायला बाराच्या पुढे गेलं. रांगेत माझ्या मागे सावंतवाडीची एक मुलगी होती, इंजिनीअरिंगला शिकणारी, हिरोचीच जुनी इम्पल्स घेऊन आलेली. ती गाडी २०११ ची, दीडशे सीसीची, आता नवीन मिळत नाही. टाकीवर ऐश्वर्या पिसेचा फोटो चिकटवलेला. २०१९ मध्ये बाहा रॅलींचा महिलांचा विश्वचषक आणणारी ऐश्वर्या. सोबत तिचे बाबा, खांद्यावर हत्यारांची पिशवी. त्यांनी माझ्या मागच्या टायरला अंगठा दाबून बघितला.

"पाहुणे, खंयसून इलात?"

"कोल्हापूर."

"मगे टायर इतको नरम कित्याक? ह्यो कातळ आसा, तुमची माती न्हय."

आमचे मिस्त्री उठून बसले. टायरातल्या हवेचं प्रेशर चौदा पीएसआय त्यांनी स्वतः ठेवलं होतं. मातीत हवा कमी ठेवली की टायर पसरतो आणि पकड वाढते, हे बरोबरच आहे. पण इथला कातळ जांभ्याचा, त्याचा पृष्ठभाग भोकाभोकांचा आणि त्या भोकांच्या कडा धारदार. हवा कमी असली की कड थेट रिमपर्यंत पोचते आणि मधे ट्यूब चिमटते. बाबांचं म्हणणं बावीस. मिस्त्रींचं म्हणणं, "बावीसवर गाडी नाचंल." पंधरा मिनिटं वाद झाला, त्यात माझं मत कुणी विचारलं नाही. शेवटी वीसवर तह झाला.

सराव सुरू झाला तेव्हा कळलं की बाबा कशाबद्दल बोलत होते. जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने खडकातलं बाकी सगळं धुऊन नेल्यावर मागे उरलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. खाणीतून काढताना मऊ, चिरा पाडून वाऱ्यावर ठेवला की घट्ट होत जातो. वरून काळा, फुटला की लाल. ट्रॅकचा अर्धा भाग सपाट कातळावरून आणि अर्धा एका बंद पडलेल्या चिरेखाणीतून. कातळावर सुट्या गोल खड्यांचा थर असतो, त्यावरून गाडी वळवणं म्हणजे फरशीवर हरभरे सांडलेत आणि त्यावर पळायचंय. पुढचा ब्रेक धरला की पुढचं चाक गेलंच. खाणीत उलटं. तिथे तळाला भुकटी, चाक रुततं, आणि खाली उतरायला चिऱ्याच्या उंचीच्या पायऱ्या. लाल धूळ इतकी की पुढच्या गाडीच्या मागे गेलं की दिसतो तो फक्त आवाज.

कोल्हापूरच्या उसाच्या मातीत शिकलेलं इथे निम्मं उपयोगाचं नाही. तिथे वळणात आतला पाय पुढे काढायचा, टाकीवर सरकून बसायचं, बाहेरच्या फूटपेगवर वजन द्यायचं आणि मागचं चाक सरकू द्यायचं. इथे सरकलेलं चाक थांबतच नाही. सावंतवाडीची पोरगी मात्र पाय काढतच नव्हती. उभ्याउभ्या, गुडघ्यांनी टाकी दाबून, वळण लांबून घेत होती. दिसायला संथ. स्टॉपवॉचवर माझ्यापेक्षा सव्वा सेकंद पुढे.

स्टॉपवॉच म्हणजे खरंच स्टॉपवॉच. मोठ्या शर्यतींना गाडीवर वेळ आपोआप नोंदवणारा ट्रान्सपॉन्डर लावतात, राष्ट्रीय स्पर्धांना फेडरेशनचं लायसन्स लागतं. इथे मांडवात शाळेचे दोन मास्तर, एक फुलस्केप वही आणि मागे कबड्डीच्या सामन्यांना असतो तसला भोंगा. तरी दोन मास्तरांच्या वेळा जुळल्या नाहीत तर तिसरी घेत होते. वेळांवरून दोन दिवसांत एकही भांडण झालं नाही. भांडण झालं ते पार्किंगवरून.

संध्याकाळी कुडोपीला जाऊन आलो. कातळशिल्पं. सड्यावरच कोरलेल्या माणसांच्या, प्राण्यांच्या आकृत्या, काही इतक्या मोठ्या की बाजूला उभं राहून एका नजरेत मावत नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली अशी ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, कुडोपी त्यात आहे. सूर्य कलला की तिरक्या उन्हात रेषा वर येतात, दुपारी गेलात तर नुसता दगड दिसेल. बघताना मनात आलं ते सांगतो. आम्ही दिवसभर असल्याच कातळावर बटणाचे टायर घासत होतो. मंडळाच्या पोरांना विचारलं. ट्रॅक आखण्याआधी त्यांनी गवत काढून अख्खा पट्टा चालून बघितला होता, एका जाणत्या माणसाला दाखवला होता, मग चुना मारला. हे सगळीकडे होत असेल असं मला वाटत नाही. सडा रिकामा दिसतो म्हणून तो रिकामा असतो असं धरून चालणारे पुष्कळ आहेत.

रात्री ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकींनी बांगड्याचं तिखलं आणि भाकरी वाढली. मिस्त्री बाहेर अंगणात एअर फिल्टरचा फोम धूत बसले होते. तिसरं पाणीही लाल आलं तेव्हा काकी म्हणाल्या, "आता पुरे, विहीर आटात."

रविवारी शर्यतीआधी गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाला घातलेलं साकडं. मला हे माहीत होतं, पण समोर ऐकलं नव्हतं. मांडवासमोर नारळ ठेवला, एक म्हातारे आजोबा पुढे झाले, टोपी नीट केली आणि भोंग्याशिवाय, सगळ्या सड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजा!"

"आज ही जी काय लेकरां लांबलांबसून मोटारसायकली घेवन इली हत, तेंच्या हातापायाक काय एक इजा होवक देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ती अँब्युलन्स जशी रिकामी इली, तशीच रिकामी परत जावंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि कोणाची चेन तुटाचीच आसात, तर ती शर्यत सरल्यार तुटांदे रे म्हाराजा!"

इथे हशा पिकला, पण होय म्हाराजा सगळ्यांनी मनापासून म्हटलं. आमच्या मिस्त्रींनी तर दोनदा. गंमत म्हणजे तेव्हा अँब्युलन्स आलेलीच नव्हती. अँब्युलन्स जागेवर नसेल तर शर्यत सुरू करायची नाही हा नियम, आणि तो पाळला. तासभर सगळे हेल्मेट मांडीवर घेऊन चिऱ्यांवर. बचत गटाच्या बायकांचे घावणे त्या तासात संपले.

शर्यतीच्या वीकेंडला शर्यत किती मिनिटांची असते हे घरच्यांना कधी सांगू नये. आमची फायनल सहा फेऱ्यांची. एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास. बाकी सगळा वेळ वाट बघणं, नट आवळणं, पाणी पिणं आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवणं.

आमच्या आधी धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं. तापलेल्या कातळावरून ते बघताबघता उडून गेलं, पण पहिल्या वळणावर, जिथे दगड घासून गुळगुळीत झालाय, तिथे लाल बुळबुळीत थर राहिला. अठरा गाड्या एका रेषेत. खडी सैल, त्यात मागे मोठं स्प्रॉकेट, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये चाक नुसतं फिरतं. दुसऱ्यात सुटलो. पुढचे चौघे वेगात त्या वळणात शिरले आणि त्यातले दोघे एकदमच आडवे झाले, अगदी सावकाश, बसल्यासारखे. निशाण मारणारं पोरगं पिवळा झेंडा घेऊन पळत आलं. मी बाहेरून, कातळाच्या खरबरीत कडेवरून, जवळजवळ चालत गेलो. समोर धूळ, आणि धुळीत ४७ नंबर. सावंतवाडी.

पुढचं सगळं तिच्यात आणि माझ्यात. माझ्या गाडीला ताकद जास्त, सपाट कातळावर मी तिला सहज गाठायचो. खाणीच्या तोंडाशी मी पुढे. मग त्या पायऱ्या. मी प्रत्येक पायरीला मागचा ब्रेक धरून उतरत होतो. ती गाडीवर उभी, वजन मागे, ब्रेकला बोट नाही, गाडी स्वतःची स्वतः उतरतेय आणि बाई वरून फक्त दिशा दाखवतायत. खाणीच्या तळाला ती पुढे. वर आलो की मी. खाली गेलो की ती. चार फेऱ्या हेच. एकदा तिचा टायर माझ्या बुटाला घासून गेला. वळणाच्या बाहेर बाबा उभे होते, ते प्रत्येक वेळी दोन्ही हात वर करून ओरडायचे, आणि आपल्या मुलीसाठी ओरडतायत की मलाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

भोंग्यावर हे काही नाही. भोंगा पहिल्या तिघांत अडकलेला. कुडाळचा पहिला, कणकवलीचा दुसरा, परत कुडाळचा पहिला. मधे एकदाच, "आणि कोल्लापूरचे पाव्हणे अजून आसत शर्यतीत!" असं ऐकू आलं. मागच्यांची शर्यत बघायला वळणावरच उभं राहावं लागतं, मांडवातून ती दिसत नाही.

शेवटच्या फेरीला मी ठरवलं की पायऱ्यांवर ब्रेक धरायचा नाही. पहिली पायरी सोडली, जमली. दुसरी सोडली, जमली. तिच्या मागच्या चाकाला माझं पुढचं लागायला हातभर अंतर. आणि समोर पिवळा झेंडा. खाणीच्या तळाला कुणीतरी चेन तुटून उभा होता. (आजोबांचं गाऱ्हाणं अर्ध्या फेरीने कमी पडलं.) पिवळ्या झेंड्याखाली पुढच्याला मागे टाकायचं नाही, त्याला अपवाद नाही. तिच्या मागोमाग निमूट बाहेर पडलो तोवर चौकटीचा झेंडा पन्नास मीटरवर. ती बारावी, मी तेरावा.

"दादा, झेंडा नसतो तर तुम्ही गेलेलात," ती हेल्मेट काढत म्हणाली. बाबा लगेच, "ह्या! खंय जातत. ब्रेक धरतत ते."

अँब्युलन्स रिकामीच गेली. आडवे झालेल्या दोघांपैकी एकाचं मनगट सुजलं होतं, तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसून फुकट कणकवलीपर्यंत गेला.

मिस्त्रींनी बाबांकडून त्यांच्या हँडपंपावरचा काटा तपासून घेतला, दोन्ही पंपांत दोन पीएसआयचा फरक निघाला, आणि वाद परत पहिल्यापासून सुरू झाला. जायचं असेल तर फेब्रुवारी बरा, मार्च लागला की गावं शिमग्याच्या तयारीला लागतात आणि कातळ दुपारी बुटातूनही चटके देतो. गॉगलच्या दोन-तीन काचा जास्तीच्या ठेवा. आणि ट्यूब घरूनच न्या, सड्यावर पंक्चरवाला नाही.