फियाटमधला एसी

पेट्रोल पंपावर, लग्नाच्या हॉलबाहेर, एकदा तर घाटावर मयतीला गेलो होतो तिथल्या पार्किंगमध्येसुद्धा हाच प्रश्न. आधी बोनेटवरून हात फिरतो, मग "कोणतं मॉडेल?" होतं, मग माणूस खिडकीतून आत डोकावतो आणि थबकतो. "मॅडम, फियाटला एसी? बसतो का हो?"

बसतो. दोन दिवसांत बसतो. पण बसलेला एसी गाडीला सोसायला लागेपर्यंत माझे तीन उन्हाळे गेले, ते सांगते.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आरसी बुकात पद्मिनी, घरात फियाट. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअर स्टीअरिंगला, पुढे सलग सीट. हवेची सोय म्हणजे दाराची त्रिकोणी काच. ती फिरवली की वारा थेट छातीवर येतो. इतर ठिकाणी हे सुख असेल. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर गेला की ती काच म्हणजे भट्टीचं तोंड. आईची फिजिओथेरपी धंतोलीत, वेळ सकाळी अकराची, म्हणजे परतताना भर दुपार. नव्या गाडीत ती बसायला तयार नाही, कारण फियाटची सीट उंच आहे, गुडघे फार दुमडावे लागत नाहीत. ओला पंचा खिडकीत अडकवून एक उन्हाळा काढला. मग एसी.

पहिल्या मिस्त्रींनी भंगारातल्या मारुती ८०० चा कॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून एसीचा गॅस दाबणारा पंप, आणला. हिशेब तसा चुकीचा नव्हता. ८०० चं इंजिन फियाटपेक्षा लहान, ताकद साधारण तेवढीच, आणि ते एसी ओढतंच की. फरक वजनाचा. ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास, फियाट नऊशेच्या. त्यामुळे एसी लावला की मागच्या सीटवर अचानक चार पाहुणे येऊन बसल्यासारखं वाटतं. पुलाच्या चढावर मी आजही बटण बंद करते. आई काही विचारत नाही. हात लांबवून त्रिकोणी काच उघडते, चढ संपला की लावते.

पण खरी फजिती चढावर नाही, व्हरायटी चौकात झाली. सिग्नल लाल, एसी फुल, आत मस्त गार, आणि बोनेटच्या फटींतून वाफ. मिस्त्री म्हणाले, "ताई, जुनी गाडी आहे, गरम होणारच." हे उत्तर मला पटलं नाही, आणि त्या दिवसापासून मी स्वतः डोकं घालायला लागले.

एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती टाकण्याची जागा म्हणजे रेडिएटरच्या पुढे लावलेला कंडेन्सर. बाहेर ४५ डिग्री असताना त्याला उष्णता टाकायची तर स्वतः साठ-पासष्ट डिग्री व्हावं लागतं. गेज लावलं तर आतल्या गॅसचा दाब अडीचशे पीएसआयच्या घरात दिसतो. म्हणजे जी हवा आधी ४५ डिग्रीने रेडिएटरवर यायची, ती आता कंडेन्सरने आणखी तापवून येते. त्यात फियाटचा मूळ पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा. सिग्नलला इंजिन मंद, तर पंखाही मंद. जिथे हवेची गरज सगळ्यात जास्त, नेमका तिथेच तो सुस्तावतो. यात गाडीच्या वयाचा काय दोष?

रेडिएटरमध्ये नळ्यांची एक रांग वाढवून घेतली, कंडेन्सरपुढे विजेचा पंखा लावला. आता विजेचा पंखा म्हटला की वीज आली. आमच्या गाडीत वीज तयार करायला जुना डायनॅमो होता, तो आयडलिंगला, म्हणजे इंजिन मंद चालू असताना, जवळजवळ काही देतच नाही. पंखा, ब्लोअर, कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणारा मॅग्नेट क्लच आणि संध्याकाळी हेडलाइट, एवढं सगळं बॅटरीच्या जिवावर. दोनदा ढकलस्टार्ट केल्यावर डायनॅमो काढून मंद इंजिनावरही वीज देणारा अल्टरनेटर बसवला. कॉम्प्रेसरसाठी दुसरा पट्टा हवा, म्हणून लेथवाल्याकडून डबल ग्रूव्हची, म्हणजे दोन खाचांची पुली करून घेतली. तिची रेघ केसभर चुकली होती. आठवडाभर गाडी मांजरासारखी ओरडली, मग पट्ट्याच्या चिंध्या झाल्या. एक वायसर घातला नि आवाज थांबला. शिवाय एसी लागला की इंजिन बंद पडू नये म्हणून कार्ब्युरेटरची रेस आपोआप थोडी वाढवणारी छोटी यंत्रणा लावावी लागली.

डॅशबोर्डखाली मधोमध, आतली हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलची पेटी लटकते. पुढे तिसरा माणूस बसायचा तो हक्क गेला, त्याबद्दल भाचरं अजून रुसलेली आहेत. मे महिन्यात कोरड्या हवेत त्या पेटीतून पाण्याचा थेंब निघाला नाही, म्हणून निचऱ्याच्या नळीकडे कोणी बघितलंच नाही. जुलैत पहिला पाऊस झाला, हवा दमट झाली आणि वळणावर आईच्या पावलावर गार पाण्याची धार. नळी मध्येच खाली लोंबून वर वळली होती. पाणी चढ कसा चढणार? मुंबईवाल्यांना हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

एवढं करूनही दुपारी दोन वाजता आत म्हणावं तसं गार व्हायचं नाही. व्हॅक्युम मारून नळ्यांतली हवा काढली, गॅस पुन्हा भरला, साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासले. गळती नाही. मग एका संध्याकाळी गाडी अंधारात उभी केली, बोनेट उघडून आत ट्यूबलाइट लावली आणि मी सीटवर बसून पायांकडे बघितलं. चांदणं पडलेलं! पेडलभोवती, वायरींच्या भोकांतून, स्पीडोमीटरच्या केबलशेजारून उजेड येत होता. उजेड येतो तिथून इंजिनाची गरम हवाही येते. सगळी भोकं रबराने बुजवली, पत्र्याला आतून फेल्ट चिकटवलं, दारांची रबरं बदलली. ज्या दिवशी हे संपलं, त्या दिवशी तोच एसी, तेवढाच गॅस, आणि आईने पहिल्यांदा पदर अंगाभोवती ओढून घेतला.

हे काम मी सगळ्यात शेवटी केलं. ते सगळ्यात आधी करायला हवं होतं, आणि सगळ्यात स्वस्तही तेच होतं. एकूण खर्च पन्नास हजारांच्या वर गेला, त्यात खुद्द एसीचे निम्मेही नसतील.

बाबांचा विरोध मात्र वेगळ्याच गोष्टीला होता: पत्र्याला भोकं पाडायची नाहीत. मी वैतागले होते, पण ऐकलं. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. अशी नोंद केली की रोजच्या कामाला मात्र ती वापरता येत नाही. आमची २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. तोवर आईचे गुडघे काय म्हणतात ते बघू. सगळे ब्रॅकेट जुन्याच बोल्टांवर आहेत, डायनॅमो माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलाय.

तेव्हा तुमच्या फियाटला बसवायचाच असेल, तर कॉम्प्रेसर शोधायला जाण्याआधी मे महिन्यातल्या एका दुपारी गाडी एसीशिवाय अर्धा तास गर्दीत चालवा आणि तापमानाच्या काट्याकडे बघा. काटा मधल्या रेघेच्या वर सरकत असेल, तर आधी रेडिएटरवाल्याकडे जा. आणि घरी येऊन, अंधार पडल्यावर, बोनेटखाली ट्यूब लावा.