अर्धी साबणाची वडी

परवा सकाळी सातला आमच्या गल्लीतल्या एक मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाला दोन दिवसांपूर्वी पुण्याच्या येरवडा जेलमध्ये पाठवलंय. हातात पिशवी, पिशवीत बेसनाच्या लाडवांचा डबा, खोबरेल तेलाची बाटली आणि रुमालाच्या गाठीत पाचशेच्या दोन नोटा. म्हणाल्या, "तू जाऊन आलीयस ना गं, हे त्याच्यापर्यंत कसं पोचवायचं ते सांग."

मी त्यांना आत बसवलं, चहा टाकला. त्या पिशवीतलं काहीच आत जाणार नव्हतं. 2023 च्या पावसाळ्यात मी अशीच पिशवी घेऊन गेले होते, आणि तशीच परत आणली होती. मनपाच्या बसस्टॉपपर्यंत एक बस, तिथून दुसरी, गुंजन चौकात उतरून जेल रोडला रिक्षा. येताना पूर्ण रस्ता डबा मांडीवर धरून बसले होते. मावशींना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण हे सगळं आधी कोणीच सांगत नाही. वकील जामिनाचं बोलतात, पोलीस तारखेचं बोलतात. साबणाचं कोण बोलणार?

माझा धाकटा भाऊ मारामारीच्या केसमध्ये चौदा महिने आत होता. कच्चा कैदी, म्हणजे केस चालू, शिक्षा झालेली नाही. केसचं कोर्टात जे व्हायचं ते होईल, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. मी दांडेकर पुलाजवळ राहते, ब्लाऊज-ड्रेस शिवते. त्याच्यासाठी मीच काय ती होते.

आत नोट चालत नाही. ही पहिली गोष्ट. कैद्याच्या अंगावर असतील ते पैसे गेटवरच जमा करून घेतात, त्याच्या नावावर नोंद होते. 1894 च्या तुरुंग कायद्यापासूनच तो नियम आहे. त्यानंतर त्याचं एक खातं असतं, त्याला पीपीसी म्हणतात, कैद्याची खासगी रोकड. रोकड म्हणायची, पण ती फक्त वहीतल्या आकड्यात. घरून पाठवलेले पैसे त्यात जमा होतात, कँटीनमधून घेतलेल्या वस्तूंचे त्यातून वजा होतात. महिन्याला किती खरेदी करायची याला मर्यादा असते. म्हणून एकदम पुष्कळ पाठवून फायदा नाही.

पाठवायचे मनीऑर्डरने. पुष्कळांना वाटतं मनीऑर्डर बंद झाली. बंद झाली ती तार. मनीऑर्डर चालू आहे, मी पाठवायचे तेव्हा एका फॉर्मवर जास्तीत जास्त 5000 रुपये जायचे. पोस्टाचं कमिशन तेव्हा वीस रुपयांमागे एक रुपया. हजाराला पन्नास. मी महिन्याला दीड हजार पाठवायचे, त्यावर पंच्याहत्तर. काउंटरवर ते पंच्याहत्तर मोजून देताना दर वेळी पोटात कालवायचं, कारण साध्या ब्लाऊजचे मी तेव्हा अडीचशे घ्यायचे आणि अस्तर, दोरा, हूक माझे.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून होणार नाही. पहिल्या मनीऑर्डरवर मी भावाचं आम्ही घरी हाक मारतो ते नाव आणि आडनाव घातलं. वडिलांचं नाव नाही, जेलने कैद्याला दिलेला बंदी क्रमांक नाही. मला वाटलं, येरवडा जेल लिहिलंय, मिळेल त्याला. सतरा दिवसांनी पैसे माझ्याकडे परत आले. जेलमध्ये हजारो माणसं आहेत, एकाच नावाचे कितीतरी. वॉरंटवर जे नाव आहे तेच, वडिलांच्या नावासकट, आणि क्रमांक. हे दोन्ही आधी वकिलाकडून लिहून घ्या. मी नंतर तो क्रमांक मापाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. अजून आहे.

त्या सतरा दिवसांत त्याच्या खात्यावर शून्य होतं. जेवण, चहा, नाश्ता जेलचा ठरलेला मिळतो, उपाशी कोणी राहत नाही. पण अंगाला लावायचा साबण संपला. बराकीतल्या एका अनोळखी माणसाने स्वतःची नवी वडी काढली, चादरीचा दोरा उसवून तिच्याभोवती गुंडाळला, ओढला आणि अर्धी वडी याला दिली. हे त्याने मला पहिल्या मुलाकातीत सांगितलं, काचेपलीकडून, फोन कानाला लावून. मारामारीचं सांगताना न रडलेला माझा भाऊ साबणाचं सांगताना रडला.

कच्च्या कैद्याला स्वतःच्या पैशाने स्वतःच्या गरजेच्या वस्तू घेता येतात, तोही त्याच कायद्यापासूनचा नियम. घरचा डबा हवा तर त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. कँटीनमधून माझा भाऊ काय घ्यायचा? साबण, टूथपेस्ट, तेल, बिस्किटं, फरसाण, कधी लोणचं. फरसाण कशाला, विचारलं तर म्हणाला, "ताई, डाळभातावर टाकायला. दातांखाली काहीतरी लागतं गं."

त्याच 2023 साली राज्यातल्या जेलच्या कँटीनची यादी वाढवल्याची बातमी आली. पाणीपुरी, आइस्क्रीम असंही त्यात होतं. समोरच्या काकू पेपर घेऊनच आल्या. "बघ, मजा आहे की तुझ्या भावाची, सरकार पाणीपुरी चारतंय." मी मशीनवर होते. पाय थांबला. सरकार चारत नाही, काकू. यादीत वस्तू असते, पैसे घरच्यांचे असतात. ज्याच्या घरून मनीऑर्डर येते त्याच्यासाठी ती यादी. तेव्हा हे मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आत्ता बोलतेय. चौदा महिन्यांत त्याने आइस्क्रीम एकदा घेतलं, राखीपौर्णिमेला, आणि मला मुलाकातीत असं सांगितलं जसं काही कबुलीच देतोय.

शिक्षा झालेल्यांना निदान काम मिळतं. 2023 च्या मजुरीवाढीनंतर कुशल माणसाला दिवसाचे 74 रुपये, अर्धकुशलला 67, अकुशलला 53. त्यातून ते खर्च भागवतात, घरीही पाठवतात. येरवड्यातल्या अशा कैद्यांसाठी 2022 च्या 1 मेपासून राज्य सहकारी बँकेची जिव्हाळा नावाची कर्जयोजनाही आहे. त्यांच्या मजुरीवर 50,000 रुपयांपर्यंत, सात टक्क्यांनी. बाहेर मुलीची फी असते, आईचं ऑपरेशन असतं. ज्यांचा माणूस शिक्षा भोगतोय त्यांनी या योजनेची चौकशी जरूर करावी.

सगळ्यात वाईट अवस्था त्यांची, ज्यांच्या नावावर कोणाचीच मनीऑर्डर येत नाही. भावाच्या बराकीत बिहारकडचा एक पोरगा होता, घरच्यांना तो कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. तो दुसऱ्यांचे कपडे धुवायचा, कोणी बिस्किटाचा पुडा द्यायचं. चौथ्या-पाचव्या महिन्यात भाऊ मला म्हणाला, "पाठवतेस त्यात साबणाची एक वडी जास्तीची बसेल असं बघ." मी शंभर रुपये वाढवले. कोणासाठी ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

मावशींना एवढंच सांगितलं की दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पाठवा, थोडे पाठवा पण चुकवू नका, आणि पावती जपा. वाट बघणाऱ्याला तारीख कळली की त्याचा महिना निघतो. लाडू त्यांनी माझ्याकडेच ठेवले. दुपारी मी त्यांच्याबरोबर पोस्टात गेले आणि फॉर्म भरून दिला.

भाऊ 2024 च्या सप्टेंबरात जामिनावर सुटला. खात्यावर उरलेले 612 रुपये हिशेब करून त्याच्या हातात दिले होते. जेल रोडवरच्या टपरीवर आम्ही दोन चहा घेतले. मी पर्स उघडली तर म्हणाला, "थांब, मी देतो." पाचशेची नोट त्याने टपरीवाल्याला दिली. सुटे परत आले तेव्हा तळहातावर एकेक नोट उलटीसुलटी करून बघत राहिला, आणि चहा निवला.