तुम्ही विचारलंत म्हणून : पहिली ॲक्रो विंग किती मापाची?

कामशेतला पॅराग्लायडिंगसाठी येणारे नवे पायलट मला वर्षातून दोन-चार वेळा तरी विचारतात की, ॲक्रो, म्हणजे हवेतल्या कसरती, शिकायचे आहे, तर पहिली विंग (पॅराग्लायडरचा कापडी पंख) कोणती घ्यावी आणि ती १८ ची घ्यावी की २० ची. कोणती, याचे उत्तर मी एका वाक्यात उरकतो: ज्या प्रशिक्षकाकडे शिकणार आहात, त्याला जी नीट ठाऊक आहे ती. मापाचे उत्तर मात्र लांबते, कारण त्यात मी स्वतः चुकलो होतो.

१८ किंवा २० हे चौरस मीटरमधले सपाट क्षेत्रफळ असते, म्हणजे पंख जमिनीवर अंथरला असता जेवढा भरेल तेवढे. हवेत तो कमानीसारखा वाकतो आणि त्याची सरळ खाली पडणारी सावली मोजली, तर प्रक्षेपित क्षेत्रफळ मिळते, जे बरेच कमी भरते. दोन पायलट आपापला भार, म्हणजे एकूण वजन भागिले पंखाचे क्षेत्रफळ, सांगत असतील, तर दोघे एकाच क्षेत्रफळाने भागाकार करत आहेत ना, हे आधी विचारून घ्यावे. निम्मे वाद तिथेच मिटतात. मी पुढे सगळीकडे सपाट क्षेत्रफळच धरले आहे.

भागाकारातला वरचा आकडा तर बहुतेक जण अंदाजाने सांगतात. मीही सांगत असे. अखेरीस एके दिवशी सगळे सामान अंगावर चढवून मी ओळखीच्या भुसार दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. माझे वजन ७२ किलो, विंग ५, दोन रिझर्व्हसकट (आणीबाणीची पॅराशूट) हार्नेस (पायलटची पट्ट्यांची बैठक) ९, आणि बूट, हेल्मेट, कपडे, रेडिओ, लाइफ जॅकेट मिळून ४, असे एकूण ९० भरले. मी तोवर सर्वांना ८२ सांगत होतो. दुकानदाराने मात्र ‘बारदान वजा करायचे का’ एवढेच विचारले.

आता हे ९० किलो नेहमीच्या २५ चौरस मीटरच्या विंगखाली टांगले, तर प्रत्येक चौरस मीटरवर ३.६ किलो भार येतो. २० च्या विंगवर तो ४.५ होतो आणि १८ च्या विंगवर ५. वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २० वर तो सुमारे १२ टक्क्यांनी आणि १८ वर सुमारे १८ टक्क्यांनी जास्त असतो, आणि ज्या वेगाला पंख स्टॉल होतो (उचलून धरायचे थांबतो) तो वेगही त्याच हिशेबाने वर सरकतो. शिवाय लहान विंगच्या लाइन्स (पायलटला पंखाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आखूड असल्याने झोका लवकर पुरा होतो आणि ब्रेकचा, म्हणजे पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या हातातल्या दोऱ्यांचा, प्रवासही कमी असतो. एकेक फरक किरकोळ वाटतो, पण हे सगळे एकाच क्षणी हातात येतात.

माझ्या बाबतीत तो क्षण तुर्कस्तानात ओलुदेनिझला आला. तिथे बाबादाग डोंगरावर सुमारे १९०० मीटरवरून टेकऑफ घेतला की खाली समुद्र असतो, आणि म्हणूनच आपल्या बुटक्या टेकड्यांवर जे करता येत नाही ते शिकायला लोक तिथे जातात. मी एकाकडून वापरलेली १८ ची विंग घेऊन गेलो होतो, कारण नावाजलेले पायलट तेवढ्याच मापावर उडताना मी पाहिले होते. फुल स्टॉलमध्ये दोन्ही ब्रेक बैठकीखाली दाबून धरले, तेव्हा पंख दोरीवर पिळून टाकलेल्या चादरीसारखा डोक्यामागे फडफडू लागला. पुढे हात हळूहळू वर घेऊन त्याला मधोमध भरू द्यायचे असते आणि मागच्या दिशेने उडत तो स्थिर झाला की मगच सोडायचे असते. माझ्या जुन्या विंगवर हे करायला मला पुरेसा वेळ मिळत असे. इथे मी अर्ध्या क्षणाने आधी, पंख मागे असतानाच, हात सोडले; तो माझ्या पुढे खाली झेपावला, एका बाजूने मिटला, टोक लाइन्समध्ये अडकले आणि मी गरगर फिरू लागलो. रिझर्व्ह टाकला आणि पाण्यात उतरलो. दोष विंगचा नव्हता.

म्हणून माझे मत असे की, पहिल्या ॲक्रो विंगचे माप टम्बलिंगकडे (पंखाच्या वरून गोलांट्या घेण्याकडे) पाहून ठरवू नये. टम्बलिंगला जास्त भार उपयोगी पडतो हे खरे. पण पहिले दोन हंगाम तुम्ही स्टॉल, मागच्या दिशेचे उड्डाण, सॅट (पंख आणि पायलट मधल्या एका बिंदूभोवती फिरतात ती कसरत) आणि हेलिकॉप्टर (पंख उभ्या अक्षाभोवती सपाट फिरतो ती कसरत) यांतच घालवणार आहात. त्यासाठी ४ ते ४.५ च्या दरम्यानचा भार मला योग्य वाटतो. त्याच्या बराच खाली गेलात, तर पंख ढिला पडतो आणि सॅटमध्ये जोर राहत नाही, म्हणजे ‘मोठी तेवढी बरी’ हाही उपाय नव्हे. हे सारे अर्थात स्वतःच्या नेहमीच्या विंगवर पाण्यावरचा एसआयव्ही (आणीबाणीतून पंख सावरायला शिकवणारा) कोर्स झाल्यानंतरचे बोलणे आहे.

वापरलेली विंग घेणार असाल, तर लाइन्सची लांबी मोजून घ्यावी, कारण डायनिमाच्या (एक कृत्रिम धागा) लाइन्स आखडतात, आणि ब्रेक आधीच्या मालकाने स्वतःच्या हातांना बेतून बांधलेले असतात, हे लक्षात ठेवावे.

माझी ती १८ ची विंग पुढे मी ज्या मित्राला दिली, तो सामानासह ७८ किलो भरतो. भार ४.३ येतो, आणि त्याचे तिच्यावर उत्तम चालले आहे. मी २० ची घेतली.